समलिंगी जोडप्यांचे कायदेशीर हक्क: देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

काही वर्षांपूर्वी एका रात्री आम्हांला रुग्णाभ्यंगासाठी एका मोठ्या रुग्णालयातून बोलावणे आले. अतिदक्षता विभागात पन्नाशीचे एक गृहस्थ अत्यवस्थ होते. दाराबाहेरच्या बाकावर साधारण त्याच वयाचे दुसरे गृहस्थ बसून होते. दोघे अठरा वर्षे एकाच घरात राहत होते. धर्मगुरूंना फोन त्यांनीच केला होता; परंतु आत जाण्याची परवानगी त्यांना नव्हती. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्यांनी ‘मित्र’ असे लिहिले होते. गावाहून भाऊ येईपर्यंत संमतीपत्रावर सही कोणी करावी, हा प्रश्न तसाच पडून होता. आम्ही आत जाऊन संस्कार दिला व बाहेर आलो. त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, “फादर, ते शुद्धीवर होते का?”

विवाहाविषयी ख्रिस्तसभा काय शिकवते हे आम्हांला ठाऊक होते. त्या गृहस्थांना देशाच्या कायद्याने कोणता अधिकार होता, हे मात्र आम्हांला सांगता आले नसते. त्यानंतर असेच प्रश्न घेऊन काही आईवडील आमच्याकडे आले, काही तरुणही आले. या विषयावर आपल्या समाजात मते पुष्कळ आहेत, माहिती थोडी आहे. म्हणून भारतीय कायद्याची आजची स्थिती आणि ख्रिस्तसभेची शिकवण ही दोन्ही एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन व्यवस्था: संस्कार आणि कायदा

प्रथम एक भेद स्पष्ट करू. आपल्याकडे वेदीसमोर होणारा विवाह हा संस्कार असतो आणि त्याच वेळी कायदेशीर घटनाही असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार धर्मगुरूंनी लावलेला विवाह शासन मान्य करते. एकाच दिवशी, एकाच नोंदवहीत दोन्ही गोष्टी होतात. त्यामुळे त्या एकच आहेत असा आपला समज होतो. गोव्यातील बांधवांना हा भेद अधिक परिचयाचा आहे. तेथे वधूवर प्रथम शासकीय विवाह निबंधकाकडे जातात आणि मग चर्चमध्ये येतात.

ही दोन वर्तुळे वेगळी आहेत याचा अनुभव अनेक कुटुंबांनी घेतलेला आहे. दिवाणी न्यायालयाने घटस्फोट दिला तरी ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाहबंधन तुटत नाही. उलट, धर्मप्रांतीय न्यायालयाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला तरी केवळ त्यावर शासन विवाह संपला असे मानत नाही. अशा निर्णयांना दिवाणी मान्यता मिळावी म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. म्हणजे शासनाचा विवाह आणि ख्रिस्तसभेचा विवाह यांतील अंतर आपण कॅथोलिक आजही पाळतो आहोत. पुढील विवेचन वाचताना हे ध्यानात ठेवावे.

गुन्ह्याच्या कलमापासून मुक्ततेपर्यंत

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ब्रिटिशांनी कलम ३७७ घातले. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात होती. प्रत्यक्ष शिक्षा थोड्यांनाच झाल्या. परंतु धमकी, खंडणी आणि छळ यांसाठी हे कलम हत्यारासारखे वापरले गेले.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी सज्ञान व्यक्तींचे संमतीने, खासगीत झालेले संबंध गुन्हा ठरू शकत नाहीत असे म्हटले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि बदल करायचा तर तो संसदेने करावा असे सांगितले.

त्या वेळी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी मांडलेली भूमिका आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. समलिंगी व्यक्तींना कॅथोलिक ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही आणि त्यांना गुन्हेगार न ठरवण्यास तिचा कधी विरोध नव्हता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास ख्रिस्तसभेचा विरोध आहे हेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. दोन्ही विधाने एकत्र वाचली पाहिजेत.

पुढे २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख दिली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘नवतेज सिंग जोहर’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला स्थानच नाही. सारांश, भारतात समलिंगी असणे किंवा समलिंगी व्यक्तीने आपल्या जोडीदारासोबत राहणे हा आज गुन्हा नाही.

२०२३ चा विवाहविषयक निकाल

गुन्हा नसणे आणि विवाह मान्य असणे यांत मोठे अंतर आहे. ते ओलांडावे म्हणून सुमारे वीस याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या. पहिली याचिका हैदराबादच्या एका जोडप्याची होती; त्यावरून हा खटला ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखला जातो. एप्रिल आणि मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली.

याचिकाकर्त्यांनी कोणत्याही धर्माच्या विवाहविधीला हात घातला नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे. त्यांचे म्हणणे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरते होते. हा कायदा धर्मनिरपेक्ष नोंदणी विवाहाचा आहे. त्यात पुरुषाचे वय २१ आणि स्त्रीचे १८ पूर्ण असावे अशी अट आहे. ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या शब्दांच्या जागी ‘जोडीदार’ असे वाचावे, अन्यथा समतेचा हक्क निरर्थक ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले असेल तर त्या निवडीचे कायदेशीर फळ काहींना द्यायचे आणि काहींना नाकारायचे, हा भेदभाव आहे, असे ते म्हणाले. केंद्र शासनाचे उत्तर असे की विवाह ही सामाजिक संस्था आहे, तिची व्याख्या बदलणे संसदेचे काम आहे, आणि एका शब्दाच्या बदलाने दीडशेहून अधिक कायदेशीर तरतुदींवर परिणाम होईल.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल, एस. रवींद्र भट, हिमा कोहली व पी. एस. नरसिंह यांचे हे पीठ होते. विवाह करण्याचा अनिर्बंध मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्याचे शब्द न्यायालय बदलू शकत नाही, यावर पाचही जणांचे एकमत झाले. पारलिंगी व्यक्तीचा विवाह सध्याच्या कायद्यानुसार स्त्रीपुरुष विवाहाच्या चौकटीत बसत असेल तर तो वैध आहे, हेही सर्वांनी मान्य केले.

मतभेद पुढच्या पायरीवर झाला. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देऊन त्यातून येणारे लाभ देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यांना एकत्र दत्तक घेता आले पाहिजे, असे चंद्रचूड आणि कौल यांचे मत होते. उरलेल्या तिघांनी ते मान्य केले नाही. त्यामुळे तीन विरुद्ध दोन असा निर्णय झाला. मात्र बहुमताच्या बाजूचे न्यायमूर्ती भट यांनीही लिहिले की भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन यांसारख्या गोष्टींपासून अशी जोडपी वंचित राहतात आणि शासनाने हा अन्याय तपासला पाहिजे. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे आश्वासन शासनाने दिले होते. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळण्यात आल्या.

विवाह नसल्यामुळे काय मिळत नाही

‘एकत्र राहायला कोणी अडवत नाही, मग आणखी काय हवे?’ असा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकतो. त्याचे उत्तर रोजच्या व्यवहारात आहे.

वारसा: गोव्याबाहेरील ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केले नसेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. पती वा पत्नी आणि मुले असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश व मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो. मुले नसून अन्य नातलग असतील तर जोडीदाराला निम्मा वाटा मिळतो. समलिंगी जोडीदार या यादीत कोठेच नाही. वीस वर्षे एकत्र फेडलेल्या कर्जाचे घर एकाच्या नावावर असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ते चुलत भावाकडे जाऊ शकते. जोडीदाराकडे जात नाही.

रुग्णालय: वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत शस्त्रक्रियेपूर्वी पती वा पत्नीची, अल्पवयीन रुग्णाबाबत आईवडील किंवा पालकांची, अथवा स्वतः रुग्णाची लेखी संमती घ्यावी असे म्हटले आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तर समलिंगी जोडीदाराची सही स्वीकारावी की नाही, हे रुग्णालयाच्या मर्जीवर राहते. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात ‘जवळच्या नातलगां’मध्ये पती आणि पत्नी येतात. समलिंगी जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचे असेल तर परक्या दात्याप्रमाणे प्राधिकरण समितीची परवानगी घ्यावी लागते.

घर: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. मुंबईतील पागडीच्या घरांत हा मोठा आधार असतो. समलिंगी जोडीदार तेथे ‘कुटुंबीय’ ठरेल याची खात्री नाही. राहते घर पतीने पत्नीला बक्षीस दिले तर नाममात्र मुद्रांक शुल्क लागते. जोडीदाराला दिले तर परक्याला दिल्याप्रमाणे पूर्ण शुल्क भरावे लागते.

कर: पतीपत्नींमधील भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. नातलग नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाल्यास तो लागू होऊ शकतो. या भेदाला आव्हान देणारी याचिका २०२५ साली एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात दाखल केली.

मुले: २०२२ च्या दत्तक नियमांनुसार एकत्र दत्तक घेण्यासाठी किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन आवश्यक आहे. अविवाहित व्यक्ती एकटी दत्तक घेऊ शकते. त्यामुळे समलिंगी जोडप्यातील एकच जण कायद्याने पालक ठरतो. तो वारला तर ज्याने मुलाला वाढवले त्या दुसऱ्याचा मुलावर कायदेशीर अधिकार उरत नाही.

परदेशातील विवाह: वसई, मुंबई आणि गोव्यातील अनेक कुटुंबांतील मुले कॅनडा, इंग्लंड, पोर्तुगाल, आयर्लंड येथे स्थायिक आहेत. तेथे नोंदवलेला समलिंगी विवाह भारतात विवाह म्हणून ग्राह्य धरला जात नाही. येथील मालमत्तेच्या दृष्टीने ते दोघे अविवाहितच राहतात.

आज काय करता येते

विवाह नाही, तरी सर्व मार्ग बंद आहेत असे नाही. काही शासनाने उघडले आहेत, काही सर्वसाधारण कायद्यात पूर्वीपासून आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केले की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि त्यात जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतेही बंधन नाही. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना तसे कळवले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असे केंद्राने राज्यांना लिहिले. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, आणि तुरुंगात जोडीदाराला भेटता यावे, अशाही सूचना गेल्या आहेत. या सूचना आहेत, कायदे नव्हेत. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला त्या ठाऊक असतीलच असे नाही. म्हणून अर्जासोबत त्यांची प्रत ठेवणे उपयुक्त ठरते.

मृत्युपत्र हा सर्वांत भक्कम आधार आहे. गोव्याबाहेरील ख्रिस्ती व्यक्ती आपली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत; नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे हिताचे. ज्याला मालमत्ता द्यायची त्याला किंवा त्याच्या नातलगाला साक्षीदार करू नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्रानंतर विवाह केला तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते.

गोव्यात स्थिती वेगळी आहे. तेथील वारसा कायद्यात मुले किंवा आईवडील यांच्यासाठी साधारण निम्मी मालमत्ता राखून ठेवलेली असते. मृत्युपत्राने केवळ उरलेला निम्मा भाग जोडीदाराला देता येतो. घर घेतानाच दोघांच्या नावे घेतले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

नामनिर्देशनाविषयी गैरसमज फार आहेत. नामनिर्देशित व्यक्तीकडे पैसा किंवा समभाग येतात, पण ती मालक होत नाही. खरे हक्कदार वारसच असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी समभाग आणि म्युच्युअल फंडांच्या संदर्भात पुन्हा सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरते सभासदत्व मिळते, मालकी नव्हे. म्हणून नामनिर्देशनाच्या जोडीला मृत्युपत्र हवेच.

वैद्यकीय निर्णयांसाठी ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’ करता येतो. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांबाबत आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, त्याचे नाव त्यात लिहिता येते. जानेवारी २०२३ पासून त्याची पद्धत सोपी झाली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्याचा आधार उरत नाही आणि मृत्यूनंतर ते संपतेच.

सुरक्षिततेसाठी न्यायालयांचे दारही उघडे आहे. मार्च २०२४ मध्ये केरळमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या: घरच्यांनी डांबून ठेवलेल्या सज्ञान व्यक्तीची इच्छा एकांतात जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवू नये. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कुटुंब निर्माण होण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही असे मत नोंदवले. समलिंगी कल ‘बरा’ करण्याचे तथाकथित उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. असे उपचार करणाऱ्यांकडे मुलांना नेण्यापूर्वी पालकांनी हे जाणून घ्यावे.

अन्य देशांत

नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ पासून समलिंगी विवाहाला मान्यता दिली; असे करणारा तो पहिला देश. आज अशा देशांची संख्या पस्तीसहून अधिक आहे. त्यांत स्पेन (२००५), पोर्तुगाल आणि अर्जेंटिना (२०१०), माल्टा (२०१७) हे कॅथोलिक परंपरेचे देश आहेत. आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६२ टक्के मतदारांनी बाजूने कौल दिला. इटलीने २०१६ मध्ये विवाह न म्हणता नागरी सहजीवनाची वेगळी नोंदणी सुरू केली. आशियात तैवान (२०१९) आणि थायलंड (२०२५) येथे कायदा लागू झाला; नेपाळमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली.

या देशांतील कॅथोलिक चर्चमध्ये असे विवाह लावले जात नाहीत आणि विवाहसंस्काराची व्याख्याही तेथे बदललेली नाही. बदल शासनाच्या नोंदवहीत झाला आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते

ख्रिस्तसभेची शिकवण दोन अंगांनी पाहावी लागते. एक घेऊन दुसरे सोडता येत नाही.

पहिले अंग विवाहाचे. विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचा आजीवन करार असून तो परस्परांच्या हितासाठी आणि अपत्यांच्या जन्म-संगोपनासाठी आहे, असे धर्मसभेचे विधिनियम सांगतात. समलिंगी संबंध या योजनेत बसत नाहीत, अशी शिकवण आहे. श्रद्धासिद्धान्त मंडळाने ३ जून २००३ च्या निवेदनात समलिंगी सहजीवनाला विवाहासमान कायदेशीर दर्जा देण्यास विरोध केला. पोप लिओ चौदावे यांनीही मे २०२५ मध्ये राजनैतिक प्रतिनिधींसमोर कुटुंब हे स्त्रीपुरुषांच्या स्थिर ऐक्यावर उभे असते असे म्हटले.

दुसरे अंग व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे. कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकार करावा व त्यांच्याशी कोणताही अन्याय्य भेदभाव टाळावा असा आदेश आहे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे स्पष्ट सांगितले. विवाह हा शब्द न वापरता अशा जोडप्यांना नागरी कायद्याचे संरक्षण मिळावे, असेही मत त्यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका माहितीपटात व्यक्त केले होते. १८ डिसेंबर २०२३ च्या ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ या घोषणेने उपासनाविधीबाहेर, विवाहाचा भास होऊ न देता, त्यांना साधा आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना मुभा दिली. आफ्रिकेतील बिशपांनी आपल्या धर्मप्रांतांत हे करणार नाही असे जानेवारी २०२४ मध्ये कळवले. एप्रिल २०२४ च्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या दस्तऐवजात लैंगिक कलामुळे लोकांना तुरुंगात टाकले जाते, छळले जाते, ठार केले जाते, याचा निषेध आहे.

२००३ च्या त्या निवेदनातील एक मुद्दा सहसा उद्धृत होत नाही. विवाहासमान दर्जा नाकारतानाच त्यात म्हटले आहे की अशा व्यक्ती इतर नागरिकांप्रमाणे सर्वसाधारण कायद्याच्या तरतुदी वापरून आपल्या सामाईक हिताचे रक्षण करू शकतात. म्हणजे मृत्युपत्र, संयुक्त खाते, वैद्यकीय निर्देश या मार्गांना ख्रिस्तसभेच्या कठोर मानल्या जाणाऱ्या निवेदनातही आडकाठी नाही. सध्याच्या तरतुदी पुरेशा आहेत की शासनाने वेगळी चौकट द्यावी, यावर आपल्या वाचकांत मतभेद असतील. परंतु जो अधिकार कायद्याने आज दिलेला आहे तो हिरावून घेण्यास धर्माचा आधार मिळत नाही, हे मान्य करायला मतभेद नसावा.

कुटुंबांसाठी आणि धर्मग्रामांसाठी

अखेरीस काही गोष्टी आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

आपला मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे हे कळताच ‘लग्न लावून दिले की सारे ठीक होईल’ असा मार्ग काही पालक निवडतात. हा मार्ग ख्रिस्तसभेच्या नियमांनाच विसंगत आहे. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेली संमती विधिनियम ११०३ नुसार विवाह अवैध ठरवते. संमती मिळवण्यासाठी वैवाहिक जीवनाला गंभीर बाधा आणणारी बाब फसवून दडवली तर नियम १०९८ लागू होतो. अशा विवाहात दुसऱ्या घरच्या निरपराध मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य पणाला लागते. विवाहपूर्व चौकशीच्या वेळी धर्मगुरू विचारतात त्या प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत, ती याचसाठी.

मुलाला घराबाहेर काढू नये. त्याच्याशी सहमत होणे आणि त्याला जेवायला वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला शक्य नसली तरी दुसरी नाकारण्याची अनुज्ञा शुभवर्तमान देत नाही. बोलायला जाणते कोणी हवे असल्यास मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट यांनी या क्षेत्रात काम केले आहे. त्यांची प्रत्येक भूमिका आपली असेलच असे नाही. संकटातील मुलाचा जीव वाचणे मात्र आपल्याही भूमिकेचा भाग आहे.

एखाद्या नातलगाचा असा जोडीदार मागे राहिला तर अंत्यविधीत त्याला जागा द्यावी. मृत्युपत्र असेल तर ते मान्य करावे. नसेल तर कायद्याने आपल्याकडे काय येते एवढेच पाहून थांबू नये. कष्टाचा पैसा कोणाचा होता आणि आजारपणात उशाशी कोण बसले होते, हेही पाहावे. धर्मग्रामांत मृत्युपत्र मार्गदर्शन शिबिरे होतात, तेथे अविवाहितांसाठीही माहिती दिली जावी. तिचा लाभ एकट्या राहणाऱ्या वृद्ध बहिणींना होईल, मित्राच्या आधाराने जगणाऱ्या विधुरांना होईल आणि समलिंगी जोडप्यांनाही होईल. कोणाला तिचा उपयोग का हवा, हे विचारण्याची गरज नाही.

आरंभी उल्लेखिलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभूघरी गेले. तोपर्यंत भाऊ आले होते. त्यांनी त्या गृहस्थांचा हात धरून त्यांना आत नेले आणि परिचारिकेला सांगितले, “हे घरचेच आहेत.” त्यासाठी त्यांना कोणत्याही कायद्याची गरज भासली नाही. परंतु सर्वांनाच असा भाऊ लाभत नाही. ज्यांना तो लाभत नाही, त्यांच्या हाती निदान नीट केलेले कागद असावेत, आणि त्या कागदांचा मान आपण ख्रिस्ती माणसांनी तरी राखावा, एवढीच या लेखामागची आमची प्रार्थना आहे.